द्वैताची रेषा

नागपुराहून रायपुरास जाणाऱ्या महामार्गावर, महाराष्ट्राच्या पूर्व सीमेलगत, देवरी हें गांव वसलेलें आहे. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा होईपर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. द्वैत कीं अद्वैत हा वाद पंडितांचा. रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला त्याचें काय, असें कोणासही वाटेल. परंतु या प्रश्नाचें मर्म याच मुलुखाच्या इतिहासांत चांगलें उलगडतें.

दोन तत्त्वें मुळांतच भिन्न मानणें म्हणजे द्वैत. पण एवढ्यानें त्या मताची किंमत कळत नाहीं. भेदाची रेषा कोणत्या दोहोंमध्यें ओढली आहे, हें पाहावें लागतें.

तेराव्या शतकांत, यादवांच्या राज्यांत, चक्रधरस्वामींनीं महानुभाव पंथाची स्थापना केली. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि, अनंत व परस्परांहून वेगळे आहेत, हा त्यांचा सिद्धांत. जीव कितीही उन्नत झाला तरी तो परमेश्वर होत नाहीं. देवता असंख्य असल्या तरी त्यांनीं दिलेलें फळ नाशिवंत असतें. मोक्ष देणारा एक परमेश्वरच. म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रां’त नीळभट भांडारेकार या शिष्याचें नांव येतें. त्यावरून वैनगंगेच्या कांठीं भंडाऱ्यापर्यंत या विचाराचा संबंध पोंचलेला दिसतो.

या द्वैतांतून निघालेला आचार विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. खरें अंतर जीव व परमेश्वर यांच्यामध्यें आहे, असें एकदां मानलें कीं जीवाजीवांतील उच्चनीचपणा अगदींच क्षुल्लक ठरतो. पंथानें संन्यासाची वाट स्त्रियांना व शूद्रांना मोकळी केली. चारी वर्णांच्या घरची भिक्षा ग्राह्य ठरविली. रजस्वलेचा विटाळ स्वामींनीं मानला नाहीं. मराठींतील आद्य कवयित्री महदाइसा याच परिवारांतली. मात्र हें साम्य मुख्यतः संन्यस्तांपुरतें राहिलें. गृहस्थ अनुयायांचे विवाह जातींतच होत गेले, हेंही सांगितलें पाहिजे. पंथाला विरोध झाला, आणि पुढें त्याचें वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांआड गेलें.

याउलट, ज्या समाजांतील विद्वान् ब्रह्म एकच आहे असें सांगत, त्याच समाजांत माणसामाणसांमध्यें पदोपदीं भिंती उभ्या होत्या. १२९० सालीं ज्ञानेश्वरांनीं अद्वैताचा अर्थ मराठींत ओतला. परंतु संन्याशाचीं मुलें म्हणून त्यांना व त्यांच्या भावंडांना बहिष्कार सोसावा लागला, अशी परंपरा सांगते. सिद्धांतांतलें ऐक्य व्यवहारांत आपोआप उतरत नाहीं.

युरोपांत देकार्तनें मन आणि शरीर यांत रेषा ओढली. १६३७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें पशूंस मनोहीन यंत्रांच्या पंक्तीस बसविलें. रेषा वेगळ्या ठिकाणीं पडली. तिच्या पलीकडे मुके जीव गेले.

देवरीच्या परिसरांतील गोंड समाजाच्या परंपरेंत निराळाच भेद आढळतो. कुळांची विभागणी तीं किती देव मानतात यावर होते: चार, पांच, सहा, सात. १९१६ सालीं रसेल व हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींविषयींच्या ग्रंथांत ही व्यवस्था नोंदविली. सारख्या संख्येचे देव मानणारीं कुळें एकमेकांचीं भाऊबंद. त्यांच्यांत विवाह वर्ज्य. सोयरीक जुळवावयाची ती भिन्न संख्येच्या कुळाशींच. येथें भेद आहे म्हणूनच संबंध जुळतो.

तेव्हां एखाद्या मतास द्वैत म्हटल्यानें तें माणसें तोडणारें ठरत नाहीं, कीं अद्वैत म्हटल्यानें जोडणारें ठरत नाहीं. त्या मताची परीक्षा त्याच्या नांवावरून नव्हे, तर त्यानें रेषेच्या पलीकडे कोणाला ठेवलें यावरून व्हावयास हवी.