जीपची चासी

जीप जगभर पसरली ती चारही चाकांना मिळणाऱ्या ताकदीमुळे, असे सर्रास सांगितले जाते. अमेरिकी सैन्याची मूळ मागणी तीच होती, हे खरे. जुलै १९४० मध्ये सैन्याने १३५ कंपन्यांकडे हलक्या टेहळणी-गाडीसाठी विचारणा केली आणि नमुना अवघ्या ४९ दिवसांत मागितला. बँटम या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने आराखडा काढला आणि गाडी मुदतीत होलाबर्ड छावणीत हजर झाली. पुढे विलीस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. पण युद्धानंतर ज्या देशांनी ही गाडी आपलीशी केली, त्यांनी तिच्यातले काय ठेवले आणि काय टाकले हे पाहिले, की वेगळेच दिसते. चारही चाकांची ताकद अनेकांनी बिनदिक्कत सोडली. टिकली ती चासी: दोन लांब पोलादी दांडे, त्यांना जोडणारे आडवे पट्टे, खाली कमानीचे पाटे आणि वर बोल्टांनी आवळलेला हौदा. हौदा उतरवून दुसरा चढवला तरी खालच्या गाडीला काही फरक पडत नाही. जीपचे पुढचे सगळे कूळ यातून वाढले, असे माझे म्हणणे आहे.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा फिलिपीन्समध्ये आहे. १९४५च्या लढाईत मनिला बेचिराख झाले आणि ट्रामही गेली. अमेरिकी सैन्याने मागे टाकलेल्या जीपा लोकांनी घेतल्या, चासी लांबवली, वर टप घातला, आत समोरासमोर दोन लांब बाकडी टाकली आणि चढायला मागे दार ठेवले. ड्रायव्हरपर्यंत भाड्याचे पैसे प्रवाशांच्या हातोहात जातात, ते या बैठकीमुळेच. १९५३ मध्ये लिओनार्दो साराव या एकेकाळच्या घोडागाडीवाल्याने अशा गाड्या, म्हणजे ‘जीपनी’, बांधण्याचा कारखाना काढला. पत्रा ठोकून केलेले हौदे, बॉनेटवर धातूचे घोडे, आणि पुढे जपानी ट्रकांची जुनी डिझेल इंजिने, असा हा संसार. शहराच्या सडकेवर पुढच्या चाकांना ताकद हवी कशाला?

आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. सैन्य, वनखाते, तहसील कचेऱ्या यांच्यामागून तीच चासी लांबी वाढवून, डिझेल इंजिन घेऊन खेड्यांत उतरली. पश्चिम महाराष्ट्रातले वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक, त्यावर उभे राहिले. त्या गाड्यांत पुष्कळशा फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. एसटी गेल्यानंतर फाट्यावर थांबलेल्या माणसांना हव्या होत्या जास्तीच्या जागा आणि गावातल्या गॅरेजमध्ये होणारी दुरुस्ती.

यावर कोणी म्हणेल की ब्रिटन आणि जपान यांनी चारही चाके चालती ठेवलीच. ठेवली, कारण तिथे गिऱ्हाईक शेतकरी आणि पोलीस होते. मॉरिस विल्क्सच्या लँड रोव्हरचा पहिला नमुना जीपच्याच चासीवर बांधला होता. १९४८ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा पोलादाच्या टंचाईमुळे वरचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे झाले, शेतीची यंत्रे फिरवायची सोयही आली. १९५१ मध्ये टोयोटाने ३.४ लिटरचे ट्रकचे इंजिन बसवलेली आपली गाडी फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून पोलिसांना दाखवली. अंग बदलले, इंजिन बदलले, पण वेगळी चासी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेले अंग ही रचना दोघांनीही सोडली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशी चासी तर प्रत्येक ट्रकलाही असते, मग जीपचे वेगळे काय? वेगळा आहे तिचा आकार. जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम ८० इंचांचे अंतर. ती कापायला, लांबवायला, पुन्हा जोडायला एक वेल्डिंगचा संच आणि दोन-तीन हुशार कारागीर पुरतात. भांडवल नसलेल्या माणसाला वाहन-उद्योगात शिरता आले ते या बेताच्या आकारामुळे.

म्हणूनच फिलिपीन्सने २०१७ मध्ये जुन्या जीपनी बाद करण्याचे धोरण आणले, त्यातली एक बाजू मला खुपते. जुन्या इंजिनांचा धूर खरा आहे आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेची काळजीही रास्त आहे. इंजिन आणि ब्रेक यांच्या कसोट्या कडक असाव्यातच. पण हौदा बांधायचे काम सत्तर वर्षे ते करत आलेल्या कारखान्यांकडेच राहायला हवे, आणि नव्या गाडीचे कर्ज एकट्या ड्रायव्हरच्या गळ्यात पडता कामा नये.