वादी, पिशवी आणि गोदेचे गोटे

आमच्या गॅलरीत गेले अकरा दिवस एक रबरी डबा रात्रंदिवस फिरतो आहे. आत पैठणच्या वाळवंटात वेचलेले गोटे, पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी. पहिला आठवडा 80 नंबरची जाड भुकटी, आता 220, मग 500, शेवटी पॉलिशची पूड. डबा दोन-तृतीयांश भरावा लागतो. कमी भरला तर गोटे एकमेकांवर आपटतात आणि टवके उडतात. ते घरंगळत एकमेकांना घासले पाहिजेत. पहिल्या रात्री नुसती खडखड होती, आता आवाज मऊ झालाय. कान लावला की आतल्या कडा किती बोथटल्या ते मला कळतं.

भूगोल शिकवण्यात माझी नोकरी सरली. माहेर पैठणचं, म्हणून या दगडांची ओढ जुनी. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत सिलिका थरांवर थर बसत गेली आणि अकीक तयार झाला. काळा बेसाल्ट झिजला, हा कठीण गोटा मात्र नदीत उरला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचं नाव आहे. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवरचं हे गाव, आणि तिथून गाड्यांवर लादून बंदराकडे जायचा तो ओनिक्स, म्हणजे अकीकाच्याच जातीचा पट्टेदार दगड. शाळेत सातवाहन शिकवताना मी हे दर वर्षी सांगायची आणि पोरांना खिशातला गोटा दाखवायची.

पण दगडाला चकाकी द्यायची खरी विद्या गुजरातेतल्या खंभातची. खंभातपासून फार लांब नसलेल्या लोथलला हडप्पाकाळातला मण्यांचा कारखानाच सापडला आहे. अलीकडच्या काळात माल यायचा नर्मदेकाठच्या रतनपूरच्या खाणींतून. तिथल्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. ते आफ्रिकेतून आले, अशी सिद्दींची श्रद्धा आहे आणि अकीकाचे कारागीर त्यांना आपल्या धंद्याचे पीर मानतात.

खाणीतला पिवळट दगड आधी उन्हात वाळवायचा, मग मडक्यात भरून शेणाच्या आचेत भाजायचा. आतलं लोह बदलतं आणि दगड लाल होतो. पुढे जमिनीत रोवलेल्या लोखंडी खिळ्याच्या टोकावर तो टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टवके काढायचे. भोक पाडायला कमानीने फिरणारं गिरमिट, त्याच्या टोकाला हिऱ्याच्या कण्या.

आणि शेवटी पॉलिश. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सहावा खंड 1880 सालचा. त्यातलं पॉलिशचं वर्णन वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. सुमारे दोन फूट लांबीची चामड्याची पिशवी. तिच्यात मणी, कुरुंदाची भुकटी आणि भोकं पाडताना निघालेली दगडाचीच बारीक पूड. तोंड बांधायचं, मधोमध चामड्याची वादी गुंडाळायची, आणि खोलीच्या दोन टोकांना बसलेल्या दोन माणसांनी ती पिशवी इकडून तिकडे लोळवत राहायचं. दहा ते पंधरा दिवस. मध्ये मध्ये पाणी घालून पिशवी ओली ठेवायची.

हे माझंच यंत्र. फक्त मोटरच्या जागी दोन माणसं.

गेल्या वर्षी एक टप्पा संपल्यावर मी डबा नीट धुतला नाही. जाड भुकटीचे चार कण कानाकोपऱ्यात राहिले आणि पॉलिशला टाकलेल्या सगळ्या गोट्यांवर ओरखडे उठले. पंधरा दिवस वाया. मला हळहळ वाटली. पण खंभातच्या त्या खोलीत असं झालं असेल, तर पंधरा दिवसांची मजुरी गेली असेल.

मजुरीच नाही, श्वासही गेला. पुढे खंभातमध्ये एमरीची चाकं आली आणि त्यांवर दगड कोरडा घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांत बसू लागली. सिलिकोसिस बरा होत नाही. घासणारे गेलेच, शेजारच्या ओट्यावर बसून दुसरं काम करणाऱ्यांनाही तो झाला. माझ्या डब्यात धूळ पाण्यातच राहते. तो राखाडी गाळ मी मोरीत ओतत नाही, कारण तो नळीत सिमेंटसारखा घट्ट बसतो. वाळूही देत नाही. ओला असतानाच पिशवीत बांधून टाकते.

उद्या 220चा टप्पा संपेल. एक गोटा मला आत्ताच ओळखू येतो. बोराएवढा, मधाच्या रंगाचा, कडेला पांढरी रेघ. काल झाकण उघडून तो पाण्याखाली धरला, तर रेघेच्या आत आणखी एक, केसाएवढी बारीक रेघ दिसली.