फिरत्या घराचा मुक्काम

मोटारीलाच घर करून, आंत चूल, पाण्याची टांकी आणि बिछाने मांडून स्पेन, इटली, ग्रीस असा प्रवास करण्याची कल्पना आतां आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांनाहि अपरिचित राहिलेली नाहीं. अशा प्रवासाची आखणी करूं लागलें म्हणजे चार प्रश्न पुढें येतात : दिवसाला किती मजल मारावी, शिधापाणी कोठें घ्यावें, कोणत्या ऋतूंत निघावें, आणि रात्रीं मुक्काम कोठें करावा. पहिल्या तिहींचीं उत्तरें प्रवासी स्वतः ठरवूं शकतो. चौथ्याचें उत्तर मात्र ज्याच्या मुलुखांतून जावयाचें त्याच्या हातीं असतें. इटलींतील वाहतूक-कायद्याचें १८५ वें कलम या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. परवानगी असलेल्या जागीं असें मोटारघर चाकांखेरीज कशानेंहि जमिनीला न टेकतां, सांडपाणी न सोडतां आणि स्वतःच्या आकारापलीकडे जागा न व्यापतां उभें असेल, तर तें केवळ उभें केलेलें वाहन. एरवीं तो तळ समजावयाचा. फिरत्या घराला स्थिर जगानें घातलेली अट इतक्या नेमकेपणानें क्वचितच शब्दबद्ध झाली असेल.

हाच प्रश्न आपल्या नांदेड-लातूरकडील एका समाजापुढें शेंकडों वर्षें रोज संध्याकाळीं उभा राहत असे. बालाघाटाच्या रांगांत मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या बाजूला, तसेंच उत्तरेस किनवट-माहूरच्या रानांत, नांवाच्या शेवटीं 'तांडा' हा शब्द लागलेल्या वस्त्या जागोजाग आढळतात. आज तांडा म्हणजे घरें, विहीर व शाळा असलेली स्थिर वस्ती. मूळ अर्थ याच्या नेमका उलट आहे. तांडा म्हणजे बैलांचा चालता काफिला. ज्यांना आपण लमाण किंवा बंजारा म्हणतों आणि जे स्वतःस 'गोर' म्हणवितात, त्यांनीं थांबल्यावरहि आपल्या वस्तीला चालण्याचेंच नांव ठेवलें.

हा काफिला केवढा असे, हें परकीय प्रवाशांनीं लिहून ठेविलें आहे. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३२ सालीं आग्र्याहून पाटण्यास जात असतां त्याला धान्यानें लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. अशा तांड्यांत पुरुष, बायका व मुलें मिळून ६००-७०० माणसें असतात, तीं सारा संसार बरोबर घेऊन हिंडतात, आणि दिवसाला ६-७ मैलांहून अधिक चालत नाहींत, असें तो म्हणतो. माल बहुधा त्यांचा स्वतःचाच असे. स्वस्ताईच्या मुलुखांत धान्य घेऊन महागाईच्या मुलुखांत विकावयाचें, आणि तेथून मीठ, साखर, तूप असा माल भरावयाचा. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. अरुंद वाटेवर गांठ पडली, तर सारे बैल निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावें लागे.

सहा मैलांची ही मजल आळसाची नव्हती; तींत या व्यापाराचें सारें गणित होतें. बैलाचा चारा विकत घ्यावा किंवा पाठीवर वाहावा लागला, तर धान्याचा नफा बैलच खाऊन टाकील. म्हणून त्याला वाटेवर चरूं द्यावयाचें, आणि चरणारें जनावर सावकाशच चालणार. अर्थात् मार्ग ठरे तो जवळच्या अंतरानें नव्हे, तर गवत आणि पाणी पाहून. पावसाळ्यांत मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत लादलेल्या बैलाचें पाऊल रुतणार, म्हणून तेवढे महिने गवताच्या रानांत राहावयाचें, आणि वाटा सुकल्या कीं नायकाच्या हुकमानें 'लदेणी' सुरू करावयाची. किनवटच्या उत्तरेस पैनगंगेपलीकडे तेव्हांचा वणी जिल्हा, म्हणजे आजचें यवतमाळ. तेथील पोलीस अधिकारी कंबरलेज यानें १८८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत एका बैलाचें वर्णन आहे. त्याच्या पाठीवर कधीं ओझें लादीत नसत. तांबड्या रेशमाचे गोंडे व घुंगुर लेऊन तो तांड्याच्या अग्रभागीं चाले, आणि सूर्यास्ताला जेथें बसे तेथेंच मुक्काम पडे. याला कोणी भाबडी श्रद्धा म्हणेल. परंतु मजलेचें माप मालकाच्या लोभावर न सोडतां बैलाच्या थकव्यावर सोडण्याची ही रीत होती, हेंहि ध्यानांत घ्यावें.

परंतु बैल बसला तेथें राहूं देणार कोण? येथें एक प्रसिद्ध आख्यायिका उपयोगी पडते. १६३० च्या सुमारास शाहजहानचा वजीर असफखान दक्षिणेंत उतरला, तेव्हां भंगी व जंगी या नायकांचे असंख्य बैल त्याच्या फौजेला धान्य पुरवीत होते. त्यानें त्यांना ताम्रपट दिला, असें सांगतात. दुसरीकडे पाणी न मिळालें तर लष्कराच्या रांजणांतलें घ्यावें, गवत न मिळालें तर छपरांवरचें काढावें, आणि दिवसाला तीन खून माफ. कथा खरी कीं रचलेली, हा वाद बाजूस ठेवला तरी मागणी कसली होती, हें लक्षणीय आहे. तींत जमीन नाहीं, जहागीर नाहीं. पाणी, गवत आणि सुरक्षित वाट एवढेंच आहे. १८०३ सालीं असईच्या लढाईपूर्वीं जनरल वेलस्लीच्या पत्रांत तांड्यांच्या धान्याविषयींची काळजी वारंवार दिसते. ज्याच्यावर सैन्याचें पोट अवलंबून, त्याला कोणी वाटेंत अडवीत नसे. तांड्याचा हक्क लेखी नव्हता. तो गरजेंतून उत्पन्न झाला होता.

आतां ज्या प्रदेशांतून आजचा हौशी प्रवासी मोटारघर नेतो, तेथील मेंढपाळांकडे पाहूं. स्पेनच्या दहाव्या आल्फोन्सो राजानें १२७३ सालीं 'मेस्ता' या मेंढीपालकांच्या संघाला राजाश्रय दिला. उन्हाळ्यांत उत्तरेकडे व हिवाळ्यांत दक्षिणेकडे जाणाऱ्या कळपांसाठीं वाटा राखल्या गेल्या, आणि त्यांतील मोठ्या वाटांची रुंदी ९० स्पॅनिश वार, म्हणजे सुमारें ७५ मीटर, ठरली. यांत राजाचें औदार्य होतें असें नाहीं. लोंकरीवरील कर खजिन्याला हवा होता, आणि शेतकऱ्यांना याचा जाच झाला तो निराळाच. १८३६ सालीं मेस्ता मोडली. पण वाट कागदावर होती म्हणून ती उरली. १९९५ च्या कायद्यानें या वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून संरक्षिल्या. १९९४ पासून शरद् ऋतूंत राजधानी माद्रिदच्या भर रस्त्यांतून मेंढ्यांचा कळप नेऊन, हजार मेंढ्यांस पन्नास मारावेदी हा जुना कर लाक्षणिक रीतीनें भरून, तो हक्क जागता ठेविला जातो.

आपल्याकडे गरज संपतांच हक्कहि संपला. हैदराबादेहून नांदेडमार्गें मनमाडला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरास पोंचली. मीठ आणि धान्य डब्यांतून जाऊं लागलें. रानें राखीव झालीं, गवताला दाम पडला. व्यापार गेल्यावर हिंडणारा माणूस संशयास्पद दिसूं लागला. ब्रिटिश मुलुखांतील १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांचे तांडेहि आले. निजामी राज्यांतहि लमाणांवर पोलिसी नजर बसली. भांग्या भुक्या यांनीं आपल्या २०१० सालच्या इंग्रजी ग्रंथांत हा इतिहास तपशिलानें मांडला आहे. ज्यांच्या पाठीमागून आमच्या गांवांत मीठ आलें, त्यांचें गांवांत येणेंच गुन्ह्याची पूर्वतयारी ठरलें. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला आणि 'गुन्हेगार'च्या जागीं 'विमुक्त' हा शब्द आला.

तांडे स्थिरावले, त्यांच्यांतून वसंतराव नाईक यांच्यासारखे मुख्यमंत्रीहि निघाले, आणि त्यांच्याच नांवाच्या योजनेंतून तांड्यांवर रस्ते व पाण्याची सोय होते. तरी दिवाळीच्या आगेमागें या जिल्ह्यांतील कित्येक तांड्यांचीं दारें बंद होतात. मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं भांडींकुंडीं, शिधा आणि पोरें ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत घालून ऊसतोडीला निघतात. कारखान्याच्या हिशेबांत नवराबायको मिळून 'एक कोयता'. मजल, ऋतु, शिधा यांपैकीं एकहि गोष्ट त्यांच्या हातीं नसते, आणि मुक्काम पडतो तो परक्याच्या रानांतील कोपींत. योजनेचा नळ तांड्यावर असतो; ज्यांच्यासाठीं तो बसविला, तीं माणसें त्या महिन्यांत शेंकडों मैलांवर पाणी शोधीत असतात. आमचे कायदे थांबलेल्या घराला ओळखतात. चालतें घर अद्याप त्यांच्या नजरेंत आलेलें नाहीं. असफखानाच्या ताम्रपटाची कथा ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या जपली, त्यांना ती कशासाठीं जपावीशी वाटली असेल, हें यावरून कळतें.