गाळणी कुठे लपते? खाऱ्या पाण्याच्या टाकीचा इतिहास

कोल्हापूरला समुद्र नाही. आंबा घाट उतरून थेट रत्नागिरी गाठावी, तेव्हा कुठे खारं वारं अंगाला लागतं. तरीही आपल्याकडे घरात समुद्री माशांची टाकी ठेवण्याचा नाद असलेले लोक आहेत, आणि त्यांचा एक वाद कायमचा : फिल्टर लावायचा की नाही? हा वाद पावणेदोनशे वर्षांचा आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करू.

१८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगायी. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगायी कुजलेली पानं खातात, पाणी बदलावं लागत नाही. यंत्र नाही, पंप नाही. हे गोड्या पाण्याचं झालं. पण पुढे तोच विचार खाऱ्या पाण्याला लावला गेला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं.

आता गंमत बघा. लंडन शहरही समुद्रावर नाही, म्हणजे त्यांची अडचण आपलीच. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकानं १८५४ साली क्षार मिसळून समुद्राचं पाणी घरी तयार करण्याची कृती दिली. आज आपण पाकिटातलं समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम घालतो, ते त्याच वाटेवरचं. दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो! आणि नुसतं खायचं मीठ चालत नाही, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही लागतं.

पण व्हायचं असं, की हौशी लोकांच्या टाक्या थोड्याच दिवसांत सडायच्या. विल्यम आल्फर्ड लॉईडनं यावर तोड काढली. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यानं मत्स्यालय उभारलं. वर माशांच्या टाक्या, आणि खाली अंधारात त्याहून कितीतरी मोठा हौद. पंपानं पाणी सारखं फिरतं ठेवायचं. बघणाऱ्याला मासे दिसायचे, हौद दिसायचा नाही. म्हणजे पाणी सांभाळण्याचं काम होतंच, फक्त नजरेआड गेलं होतं.

हे काम नेमकं कोण करतं? मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, तो विषारी. १८९० च्या सुमारास विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञानं अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे करून दाखवले. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. स्पंज विष्ठा आणि उरलेलं खाद्य अडवतो, ही यांत्रिक गाळणी. अमोनिया संपवतात ते जिवाणू, आणि ते स्पंजावर, वाळूत, दगडावर, कुठेही राहतात. स्पंज वेळेवर धुतला नाही, तर अडवलेला गाळ तिथेच कुजतो आणि पाण्यात नायट्रेट वाढत जातं.

१९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी अमेरिकन मासिकात लिहिलं, की फिल्टर काढून टाका. जिवंत प्रवाळखडक, समुद्राचं पाणी, थोडे हवेचे बुडबुडे, बस्स. टाक्या खरंच टिकल्या, कारण खडकाच्या छिद्राछिद्रांत जिवाणू होते. आत खोल, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी याच खडकाला फेस काढणाऱ्या स्किमरची जोड दिली.

मग फिल्टर नकोच का? थांबा. ली चिन एंग यांच्या टाकीतही गाळणी होती. ती समुद्रातून उचलून आणलेली होती, इतकंच. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे, आणि बरंच आहे. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा खिशात घालणं हा गुन्हा आहे. तो तुकडा तिथल्या माशांचं घर असतो.

दुसरी बाजूही ऐका. वीज गेली की बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी साचून राहतं. जिवाणू आतला प्राणवायू संपवतात आणि काही तासांत स्वतःच मरू लागतात. पंप पुन्हा सुरू झाला की ती घाण थेट माशांवर. लोडशेडिंग पाहिलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा वाद 'फिल्टर हवा की नको' असा घालूच नका. गाळणी असतेच. ती कुठे आहे आणि तिची किंमत कोण मोजतं, हे विचारा. आपल्यासाठी मार्ग साधा आहे : कोरडे सच्छिद्र दगड घ्या, त्यावर जिवाणू रुजायला महिना-दीड महिना द्या, मासे मोजकेच ठेवा, स्पंज लावलात तर आठवड्याला धुवा, आणि वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा हवापंप घरात ठेवा. घाई मात्र करू नका. घाईची किंमत मासा मोजतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.