क्रियाविशेषणाचा बारीक टाइप

१७९५ साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहराजवळ राहणाऱ्या लिंडली मरे या गृहस्थाने मुलींच्या एका शाळेसाठी इंग्रजी व्याकरण लिहिलं. मरे मूळचा अमेरिकन वकील. त्याने पुस्तकात एक साधी युक्ती केली. सगळ्यांनी पाठ करायचे नियम मोठ्या टाइपात छापले, आणि बारकावे, अपवाद, टिपा लहान टाइपात. लहान टाइपातला मजकूर आधी सोडून द्यायचा आणि एकदा पूर्ण चौकट समजली की मग वाचायचा. पुस्तक एकच, पण कच्च्या आणि पक्क्या विद्यार्थ्यांसाठी वाटा दोन.

ज्या शिक्षकासमोर एकाच खोलीत अडखळत वाचणारी आणि धडाधडा वाचणारी मुलं बसतात, त्याला ही युक्ती लगेच पटेल. व्याख्या सगळ्यांना, अपवाद हुशार मुलांना. आपल्याकडेही व्याकरण बहुतेक असंच शिकवलं जातं. पण क्रियाविशेषणाशी आलो की हा क्रम कोसळतो. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

इसवी सनापूर्वी ग्रीक वैयाकरण डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावरच्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेत. त्यातल्या एका जातीच्या ग्रीक नावाचं लॅटिनमध्ये शब्दशः भाषांतर झालं, 'अ‍ॅडव्हर्बियम', म्हणजे क्रियापदालगतचा शब्द. कुठे, कधी, कसं, किती सांगणारे शब्द या खान्यात आलेच, पण 'हो' आणि 'नाही'सुद्धा इथेच आले. कोड लिहिणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. सगळे 'इफ' संपल्यावर जे उरतं ते 'एल्स'मध्ये.

संस्कृतात वेगळी व्यवस्था होती. यास्काने शब्दांचे चारच वर्ग सांगितले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीने पदं दोनच मानली, सुबन्त आणि तिङन्त. 'शीघ्रं गच्छति' म्हणताना 'शीघ्र' हे विशेषणच नपुंसकलिंगी द्वितीया एकवचनात वापरलं की काम भागत असे. त्यासाठी स्वतंत्र जातीची गरज नव्हती.

मग १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आलं. दादोबा तेव्हा जेमतेम २२ वर्षांचे होते. मराठी मुलांना मराठीतून मराठीचं व्याकरण शिकता यावं, यासाठीचं ते मोठंच काम होतं. साचा मात्र इंग्रजी व्याकरणाचा होता, आणि मरेचं पुस्तक हे त्या साच्याचं त्या काळातलं सर्वात खपाचं रूप. मरेने इंग्रजीत शब्दांच्या नऊ जाती मानल्या होत्या. त्यातलं 'आर्टिकल' वगळा, उरतात त्या आठ जाती आजही आपल्या पाठ्यपुस्तकात आहेत. क्रियाविशेषण त्यातलीच एक, आणि तिला आपण 'अव्यय' म्हणतो, म्हणजे न बदलणारा शब्द.

आता ही वाक्यं बघा. तो चांगला गातो. ती चांगली गाते. ती गाणं चांगलं म्हणते. 'कसं गाते?' याचं उत्तर देणारा शब्द प्रत्येक वेळी बदलतोय. इंग्रजीत असं होत नाही, म्हणून तिथल्या साच्यात याची सोय नव्हती. पुढच्या वैयाकरणांना अशा अडचणी दिसल्या. मोरो केशव दामल्यांनी १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त आधीच्यांची मतं बारकाईने तपासली. शाळेत मात्र व्याख्या मोठ्या टाइपात राहिली आणि 'चांगली गाते' बारीक टाइपात.

खरा अन्याय इथे आहे. 'ती चांगली गाते' हे वर्गातल्या सगळ्यात मागे पडलेल्या मुलीलाही बिनचूक बोलता येतं. 'ती चांगला गाते' म्हटलं तर पहिली हसेल तीच. म्हणजे भाषेचा हा नियम तिच्याकडे आधीपासून आहे. तिला येत नाही ते फक्त 'क्रियेबद्दल विशेष माहिती सांगणाऱ्या अविकारी शब्दास' हे वाक्य. आणि ते वाक्य मात्र धड मराठीला लागूही पडत नाही! तरी गुण त्याच वाक्याला मिळतात, आणि ती 'कच्ची' ठरते.

म्हणून मिश्र पातळीच्या वर्गात मरेचा क्रम उलटा करावा. फळ्यावर फक्त 'ती गाते' लिहायचं. कशी? कुठे? कधी? किती? एकेक शब्द घालणं प्रत्येकाला जमतं. मग 'ती'च्या जागी 'तो' ठेवायचं आणि बघायचं: 'हळू', 'रोज', 'इथे' तसेच राहिले, 'चांगली' बदललं. दोन ढीग करायचे. ज्यांना आणखी पुढे जायचंय त्यांनी भांडावं, की बदलणाऱ्या शब्दाला अव्यय म्हणायचं का? प्रश्न एकच, ज्याला जितकं खोल जाता येईल तितकं त्याने जावं. व्याख्या शेवटी, तीही मुलांनीच केलेली.

दादोबांनी उसना साचा घेतला, कारण तेव्हा कुठून तरी सुरुवात करायची होती. जवळजवळ दोनशे वर्षांनी तरी आपण मुलांच्या तोंडची मराठी मोठ्या टाइपात छापायला हरकत नसावी.