वाळवंटात थांबलेली गोष्ट

मे १९४०च्या दुसऱ्या आठवड्यात ब्रुसेल्सच्या एका दैनिकाची बालपुरवणी नेहमीसारखी आली. तिच्यात टिनटिनच्या नव्या गोष्टीची दोन पानं होती. गोष्ट ‘काळ्या सोन्याची’, म्हणजे तेलाची. सप्टेंबर १९३९पासून दर आठवड्याला ती पुढे सरकत होती आणि आता नायक वाळवंटात अडकला होता. पुढचं पुढच्या गुरुवारी. १० मे रोजी जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या. दैनिक बंद पडलं, पुरवणी बंद पडली आणि पुढचा गुरुवार आलाच नाही. टिनटिन वाळवंटातून बाहेर पडायला १९४८ साल उजाडलं. ज्या मुलाने दहाव्या वर्षी वाट पाहायला सुरुवात केली, तो तोवर अठरा वर्षांचा झाला होता.

वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाचा, प्रकाशकाचा, फार तर वाचकाचा अभ्यास होतो. वाट पाहण्याचा होत नाही. रहस्यकथा, साहसकथा, चित्रकथा यांच्या बाबतीत तर तो आधी व्हायला हवा, कारण हा सगळा व्यवहार ‘आता पुढचं कधी?’ या एका प्रश्नावर उभा आहे. हा प्रश्न निरागस असतो असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. बेल्जियमच्या या प्रकरणात जसजसा शिरत गेलो, तसतसं ते मत बदलावं लागलं.

टिनटिनचा चित्रकार जॉर्ज रेमी. नावाची आद्याक्षरं उलटी केली की फ्रेंच उच्चारात ‘एर्जे’ होतं, तेच त्याने टोपणनाव घेतलं. (आपल्याकडे जयंत विष्णू नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवताना हीच युक्ती केली होती. आद्याक्षरं उलटी करून ते ‘नारायण विनायक जगताप’ झाले. असो.) एर्जे ‘ल व्हँतिएम सिएक्ल’ या कडव्या कॅथलिक दैनिकात नोकरीला होता. या दैनिकाचे संचालक नॉर्बेर वालेझ हे धर्मगुरू आणि मुसोलिनीचे चाहते. त्यांनी मुलांसाठी ‘ल पेती व्हँतिएम’ ही गुरुवारची पुरवणी काढली आणि ती एर्जेच्या हाती सोपवली. गुरुवारच का, तर त्या काळी बेल्जियमच्या शाळांना गुरुवारी दुपारी सुट्टी असे. १० जानेवारी १९२९ या गुरुवारी टिनटिन सोव्हिएत रशियाला निघाला.

आठवड्याला दोन पानं, हे माप लक्षात ठेवायला हवं. दोन पानांत फार काही घडवता येत नाही. पण दुसऱ्या पानाच्या शेवटच्या चौकटीत नायकाला खड्ड्याच्या तोंडाशी नेऊन उभं करता येतं. एर्जेला सुरुवातीला पुढच्या आठवड्यात काय होणार हे स्वतःलाच ठाऊक नसे. नायकाला संकटात टाकायचं आणि मग सात दिवस त्याला सोडवायचं कसं याचा विचार करत बसायचं, असा तो उद्योग. म्हणजे वाचक आणि लेखक दोघेही पुढच्या अंकाची वाट पाहत होते. फरक इतकाच, की एकाला काळजी करण्याचे पैसे मिळत होते.

वाट पाहण्याची किंमत दैनिकाला लवकर कळली. गोष्ट संपत आली तेव्हा त्यांनी एक नाटक रचलं. ८ मे १९३० रोजी टिनटिन मॉस्कोहून ब्रुसेल्सच्या उत्तर स्थानकावर उतरणार, असं जाहीर झालं. पंधरा वर्षांच्या एका मुलाला रशियन सदरा आणि बूट घालून आगगाडीत बसवलं गेलं. गाडी आली तेव्हा फलाटावर मुलांची झुंबड उडाली होती. चित्रात पाहिलेल्या मुलाला हात लावायला ती आली होती. कागदावरच्या एका पात्राला घ्यायला स्टेशनवर गर्दी जमते, हे दृश्य आजच्या कुठल्याही ‘प्रकाशनपूर्व प्रसिद्धी’च्या पुढे आहे. शिवाय त्यात आणखी एक गोष्ट होती. ती गोष्ट प्रचारकी होती, बोल्शेविकांविरुद्धची. मुलांना प्रचाराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना टिनटिन हवा होता. प्रचार त्याच्या बरोबर फुकट घरी येत होता.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. हरि नारायण आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः आली. यमूचं पुढे काय होणार याची काळजी घराघरांतल्या बायका आठवडाभर वाहत असतील, तर ती काळजी हेच आपट्यांचं सुधारणेचं साधन होतं. बाबूराव अर्नाळकरांचा मार्ग वेगळा. त्यांचं पुस्तक छोटं, एका बैठकीचं, गोष्ट तिथेच संपणारी. पण झुंजार आणि काळापहाड पुढच्या पुस्तकात परत येणार याची खात्री असे. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाने वाचकाला कथेच्या मधोमध लटकवलं नाही. पात्राची सवय लावली. आणि दिवाळी अंक? काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण वर्षभर ज्याची वाट पाहतो, त्यात ‘क्रमशः’ हा शब्द जवळजवळ बसतच नाही. पुढचा भाग वर्षाने देणार कोण आणि लक्षात ठेवणार कोण? म्हणून दिवाळी अंकात कादंबरी यायची तीही ‘संपूर्ण कादंबरी’ अशी जाहिरात करत. वाट अंकाची, गोष्टीची नव्हे. माझ्या पिढीने चित्रकथेची वाट पाहिली ती ‘इंद्रजाल कॉमिक्स’ची. १९६४ साली मुंबईहून सुरू झालेली ही मालिका मराठीतही येई, आणि मराठीतला फँटम म्हणजे ‘वेताळ’. गावच्या स्टेशनवरच्या स्टॉलवर अंक ज्या दिवशी यायचा त्याच्या आदल्या दिवशीही आम्ही एक चक्कर मारून येत असू. १९९०मध्ये ती मालिका बंद झाली तेव्हा आम्ही नोकऱ्यांना लागलो होतो आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. वाट पाहणं असंही संपतं.

एर्जेच्या वाचकांचं तसं झालं नाही. त्यांची वाट भलत्याच हातात पडली.

१९४०च्या उन्हाळ्यात एर्जे फ्रान्सहून परतला तेव्हा त्याचं दैनिक संपलेलं होतं. देशातलं सर्वांत मोठं फ्रेंच दैनिक ‘ल स्वार’ मात्र चालू होतं. मालकांच्या संमतीशिवाय, जर्मनांच्या देखरेखीखाली. बेल्जियन लोक त्याला ‘चोरलेलं स्वार’ म्हणत. या चोरलेल्या वर्तमानपत्राला वाचक हवे होते आणि एर्जेला जागा हवी होती. १७ ऑक्टोबर १९४० रोजी त्याच्या बालपुरवणीत टिनटिन परत आला. वाळवंटातल्या गोष्टीकडे एर्जेने पाठ फिरवली, कारण तिच्यात ब्रिटिशांच्या ताब्यातलं पॅलेस्टाइन होतं आणि खलनायक डॉ. म्यूलर हा जर्मन नावाचा. त्याने नवी, निरुपद्रवी गोष्ट घेतली: अफूची तस्करी आणि दारुडा कप्तान. कॅप्टन हॅडॉक हे टिनटिनच्या जगातलं सर्वांत लाडकं पात्र. तो जन्मला तो ताब्यातल्या देशात, ताब्यातल्या वर्तमानपत्रात.

पुढे कागदाची टंचाई झाली. पुरवणी आकसली, मग बंद झाली, आणि २३ सप्टेंबर १९४१पासून टिनटिन मुख्य दैनिकात रोजची एक पट्टी म्हणून येऊ लागला. तीन-चार चौकटी, रविवार वगळून रोज. कलेच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. आठवड्याला एकदा येणारी उत्कंठा आता रोज यायची. दर चौथ्या चौकटीला काहीतरी पडलं, कुणीतरी दार वाजवलं, कुणी किंचाळलं, असं घडलंच पाहिजे. या काळातले अल्बम आज सलग वाचताना जी धावपळ जाणवते, तिचं मूळ या रोजच्या पट्टीत आहे. पण दुसरा बदल मला जास्त खुपतो. आधी मूल पुरवणी काढून घेई आणि वर्तमानपत्र बापाकडे राही. आता पट्टी बातम्यांच्या पानावरच होती. टिनटिनसाठी रोज ‘ल स्वार’ घरात यायला हवा होता, आणि तो तीन लाखांच्या आसपास खपत होता.

त्याच पानांवर ज्यूंविरुद्धचे लेख येत. ऑक्टोबर १९४१मध्ये सुरू झालेल्या उल्केच्या गोष्टीत खुद्द एर्जेनेही न्यूयॉर्कचा एक लोभी बँकर काढला. नाव ब्लुमेनस्टाइन, नाक ठरावीक साच्याचं. दोन ज्यू व्यापारी जगबुडीच्या बातमीने खूष होतात, अशी एक चौकटही पट्टीत होती. १९४२च्या अल्बममध्ये ती गाळली. बँकरचं नाव आणि देश युद्धानंतर बदलले, नाक तसंच राहिलं.

एर्जेने पुढे मुलाखतीत आपली बाजू मांडली. तिचा आशय असा: गाडी हाकणारा गाडी हाकत होता, पाववाला पाव भाजत होता, मी माझं काम केलं, त्यांना कुणी देशद्रोही म्हटलं नाही, मग मलाच का? हा युक्तिवाद सहज झटकण्यासारखा नाही. ताब्यातल्या देशातही मुलं मोठी होत असतात आणि त्यांना हसायला काहीतरी लागतंच. पण मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण नीतीपेक्षा व्यवहाराचं आहे. पाव माणूस भुकेपोटी घेतो. ती भूक पाववाल्याने निर्माण केलेली नसते. रोज संध्याकाळी त्या विशिष्ट वर्तमानपत्राची भूक मात्र एर्जे निर्माण करत होता, आणि त्यातच त्याचं कौशल्य होतं. चौथी चौकट जितकी चांगली, तितकं ते वर्तमानपत्र उद्या घेणं भाग.

रोजच्या वाट पाहण्यातली ही ताकद प्रतिकार चळवळीनेही ओळखली होती. ९ नोव्हेंबर १९४३ रोजी भूमिगत ‘फ्रों द लँदेपांदांस’च्या कार्यकर्त्यांनी हुबेहूब ‘ल स्वार’सारखा दिसणारा बनावट अंक छापला आणि खऱ्या अंकाच्या वेळेआधी ब्रुसेल्सच्या विक्रेत्यांकडे पोहोचवला. प्रती पन्नास हजार. लोकांनी नेहमीप्रमाणे पैसे टाकले, अंक उचलला आणि ट्राममध्ये बसून उघडला, तर आत हिटलरची टिंगल. विनोद फक्कड होता. त्याची किंमत काहींनी तुरुंगात आणि छळछावणीत मोजली. सवयीने उचललेल्या कागदात काय आहे, हे माणूस उघडेपर्यंत पाहत नाही. दोन्ही बाजूंना हे ठाऊक होतं.

सप्टेंबर १९४४मध्ये ब्रुसेल्स मुक्त झालं आणि सात स्फटिकगोळ्यांची गोष्ट मध्येच तुटली. टिनटिनची ही दुसरी थांबलेली गोष्ट. एर्जेला वेगवेगळ्या गटांनी एकामागून एक, चारदा अटक केली. एका प्रतिकारवादी वर्तमानपत्राने ‘टिनटिन नाझींच्या देशात’ नावाचं विडंबन छापलं आणि त्यात टिनटिनलाच त्याच्या बापाविरुद्ध बोलायला लावलं. जनतेने जितक्या आतुरतेने या पात्राची वाट पाहिली होती, तितक्याच आतुरतेने आता काही जण त्याच्या हिशेबाची वाट पाहत होते. खटला उभा राहिला नाही, पण वर्तमानपत्रांत काम करायला बंदी होती. एर्जेला वाचवलं ते रेमोँ लब्लाँने. हा स्वतः प्रतिकार चळवळीतला माणूस. लहानपणी टिनटिन वाचलेला, आणि वाट पाहणाऱ्यांची संख्या अचूक ओळखणारा. त्याने एर्जेला निष्ठेचं प्रमाणपत्र मिळवून द्यायला मदत केली आणि २६ सप्टेंबर १९४६ रोजी ‘टिनटिन’ नावाचं साप्ताहिकच काढलं. पुन्हा गुरुवार. पहिल्या अंकाच्या साठ हजार प्रती हातोहात गेल्या. दोन वर्षं तुटलेली गोष्ट पुढे सुरू झाली. वाचकांनी माफ केलं की त्यांना फक्त पुढचं हवं होतं, हे ठरवायला माझ्याकडे साधन नाही. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

पुढे चित्रकथेने क्रमशःपासून हळूहळू फारकत घेतली. विल आयस्नरने १९७८मध्ये ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ पुस्तक म्हणूनच काढलं. आर्ट स्पीगलमनचं ‘माउस’ मात्र १९८०पासून ‘रॉ’ या नियतकालिकात तुकड्यातुकड्यांनी आलं, पहिला खंड १९८६ला, दुसरा १९९१ला. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. त्या पाच वर्षांत वाचक ज्या ‘पुढच्या’ची वाट पाहत होते, ते ऑशविट्झ होतं. त्यांना ते ठाऊकही होतं. चौथ्या चौकटीची युक्ती तिथे चालण्यासारखी नव्हती.

राहता राहिली वाळवंटातली गोष्ट. सप्टेंबर १९४८मध्ये एर्जेने ती पुन्हा हाती घेतली, पहिल्या पानापासून, नव्याने काढून. पण गोष्ट ज्या पॅलेस्टाइनमध्ये घडत होती, तिथली ब्रिटिश सत्ता त्याच वर्षी मे महिन्यात संपली होती आणि इस्राएल अस्तित्वात आला होता. अल्बम १९५०मध्ये निघाला तेव्हा त्यात ब्रिटिश पोलीस, ज्यू गट, अरब शेख सगळे तसेच होते, एका न उरलेल्या नकाशावर. १९७१मध्ये ब्रिटिश प्रकाशकाच्या सांगण्यावरून एर्जेने ब्रिटिश पोलीस आणि ज्यू गट काढून टाकले आणि घटना ‘खेमेद’ नावाच्या काल्पनिक देशात हलवल्या.

दुसरी अडचण हॅडॉकची. १९४०च्या अर्धवट गोष्टीत तो असणं शक्यच नव्हतं, कारण तो तेव्हा जन्मला नव्हता. १९४८च्या वाचकाला हॅडॉकशिवाय टिनटिन चालणार नव्हता. मग एर्जेने त्याला सुरुवातीला युद्धाच्या हुकमावर बोटीवर पाठवून दिलं आणि शेवटाकडे, ऐन मोक्याच्या क्षणी, एकदम आणून उभं केलं. तू इथे कसा, असं टिनटिन विचारतो. हॅडॉक सांगू लागतो, ते फार सोपं आहे आणि तसं गुंतागुंतीचंही आहे, आणि कुणीतरी त्याला तोडतं. पुढे पुन्हा सांगू लागतो, पुन्हा काहीतरी होतं. अखेरच्या पानावर तो चिडतो आणि आता सांगणारच नाही म्हणतो. अल्बम तिथे संपतो.