कर्ता कोण?

‘लिंकनने गुलामांना मुक्त केलं.’

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल आठवीतल्या मुलांना विचारलं, की बहुतेक वेळा हेच उत्तर येतं. वाक्य खोटं नाही. पण मी मराठी शाळेत व्याकरण शिकलेली आहे, त्यामुळे मला त्यात एक गोष्ट खटकते. कर्ता लिंकन, आणि सुमारे ४० लाख गुलाम माणसं फक्त कर्म. त्यांच्यासाठी कुणीतरी काहीतरी केलं, एवढाच त्यांचा इतिहास?

मी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यात इतिहास शिकवते. माझ्या वर्गात गुलामांचे वंशज असतात, मालकांचेही असतात आणि कालपरवा दुसऱ्या देशातून आलेली मुलंही असतात. तेरा वर्षांच्या मुलांना गुलामगिरी शिकवताना दोन भीती असतात. एक, मुलं दुखावतील. दुसरी, कुणीच दुखावू नये म्हणून आपण सगळं इतकं गुळमुळीत करू, की काही घडलंच नव्हतं असं वाटेल. दुसरी भीती मला जास्त मोठी वाटते.

२०१५ साली टेक्सासमधल्या एका मुलाने भूगोलाच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो आईला पाठवला. नकाशाशेजारी लिहिलं होतं, की गुलामांच्या व्यापाराने आफ्रिकेतून लक्षावधी ‘कामगार’ शेतमळ्यांवर आणले. आईने आवाज उठवला, आणि प्रकाशकाला मजकूर बदलावा लागला. ‘कामगार’ हा शब्द चुकीचा हे उघड आहे. कामगाराला पगार मिळतो, तो नोकरी सोडू शकतो आणि त्याची मुलं विकली जात नाहीत. पण मी वर्गात पुढचा प्रश्न विचारते. त्यांना आणलं कुणी? वाक्य सांगतं, ‘व्यापाराने’. जणू जहाजाला कप्तान नव्हता, बाजारात गिऱ्हाईक नव्हतं.

मग ठरलेला प्रश्न येतो : ‘पण युद्ध तर राज्यांच्या हक्कांसाठी झालं ना?’ अनेक घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. मी वाद घालत नाही, कागद वाटते. मिसिसिपीने जानेवारी १८६१ मध्ये संघराज्य का सोडलं याचं निवेदन काढलं. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, हे त्यात अगदी सुरुवातीलाच आहे. साउथ कॅरोलायनाच्या डिसेंबर १८६० च्या निवेदनात तर उलटीच तक्रार आहे : उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत! १८५० च्या कायद्याने ते परत करणं बंधनकारक होतं. म्हणजे उत्तरेतल्या राज्यांनी आपला हक्क वापरला, तो दक्षिणेला नको होता. मुलं हे स्वतः शोधून काढतात, तेव्हा मला काही बोलावं लागत नाही.

‘मग ते पळून का गेले नाहीत?’ हाही प्रश्न दरवर्षी येतो. उत्तर असं, की गेले. मे १८६१ मध्ये, युद्ध सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला असताना, व्हर्जिनियात तीन गुलाम रात्री होडीतून मन्रो किल्ल्यावर उत्तरेच्या सैन्याकडे पोहोचले. त्यांच्याकडून दक्षिणेच्या तोफांसाठी बांधकाम करून घेतलं जात होतं. मालकाने त्यांना परत मागितलं. जनरल बटलर वकील होता. तो म्हणाला, हे तर शत्रूने युद्धात वापरलेलं ‘सामान’, मी जप्त करतो. माणसाला सामान ठरवणारा कायदाच त्याने मालकावर उलटवला. बातमी पसरली, आणि मग माणसं शेकड्यांनी, हजारांनी येऊ लागली. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला १ जानेवारी १८६३ ला. म्हणजे हे तिघं त्याच्या दीड वर्षाहून जास्त आधी निघाले होते.

रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट सांगताना वर्ग गप्प होतो. वय २३. चार्ल्सटन बंदरात दक्षिणेच्या सैन्याच्या ‘प्लँटर’ या बोटीवर तो गुलाम म्हणून काम करत होता. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना त्याने कप्तानाची टोपी घातली, वाटेतल्या किल्ल्यांना बरोबर शिट्ट्या दिल्या आणि बायकामुलांसह बोट उत्तरेच्या आरमाराकडे नेली. पुढे तो अमेरिकन काँग्रेसचा सदस्य झाला. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या लष्करात लढले होते.

याने लिंकन लहान होत नाही. जाहीरनामा फक्त बंडखोर भागांपुरता होता, तरी त्याने युद्धाचा हेतू बदलला. आणि डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने देशभरातली गुलामगिरी कायद्याने संपवली. पण त्याच लिंकनच्या सहीने एप्रिल १८६२ मध्ये वॉशिंग्टनमधले गुलाम मुक्त झाले, तेव्हा सरकारने माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली. कुणाला? मी इथे थांबते. मुलं म्हणतात, ‘अर्थातच गुलामांना.’ नाही. मालकांना.

२०२१ पासून अनेक राज्यांनी वंशभेदाबद्दल वर्गात काय बोलावं यावर कायदे केले आहेत. काही शिक्षक म्हणूनच कडेकडेने जातात : ‘गुलामगिरी होती, मग ती संपली.’ अशा वाक्यात कुणी दोषी नसतो, तसंच कुणी शूरही नसतो. मालकाचं नाव झाकलं की स्मॉल्सचंही झाकलं जातं.

हे युद्ध पुण्यात बसून एका माणसाने नीट वाचलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशा त्यामागे होती. दूरच्या देशातल्या घटनेत त्यांनी आपला प्रश्न पाहिला आणि आपल्याकडच्या गुलामगिरीचा कर्ता कोण, हे नाव घेऊन सांगितलं.

आपण मात्र आजही सहज लिहितो, ‘अस्पृश्यांना पाणी भरू दिलं जात नसे.’

कोण देत नसे?